गटाच्या धंद्याला कोणतं हिशेबाचं सॉफ्टवेअर परवडतं?

आम्ही सिन्नर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. अकरा जणी आहोत. मसाले, पापड आणि लोणचं करतो. बचत चालू होऊन बरीच वर्षं झाली, धंद्याला तीन वर्षं. एका प्रशिक्षणात सर म्हणाले, "तुमच्या स्टार्टअपचं सांगा." तेव्हा आम्ही मागं वळून पाहिलं, हे कुणाला विचारताहेत म्हणून.

आज बोलायचं ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. आम्हीही आधी असंच म्हणत होतो, की हे काम कॉलेजात शिकलेल्या पोरींचं.

झालं असं, की आम्हाला स्वतःचं कांडप यंत्र आणि पाकिटं बंद करायचं मशीन घ्यायचं होतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली, ती तुम्हाला ठाऊक असेल. तिच्यात बँकेचं कर्ज मिळालं की प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. आम्ही नीट साड्या नेसून, कागद घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. मागच्या वर्षी विक्री किती झाली? त्यात नफा किती उरला?

आमच्या पिशवीत तीन वह्या होत्या. एक खरेदीची, एक विक्रीची, आणि एक उधारीची. उधारीच्या वहीत मागच्या पानांवर एकीच्या मुलाचं गणितही होतं. तिन्ही वह्या मिळून त्या दोन प्रश्नांचं उत्तर निघेना. साहेब वाईट बोलले नाहीत. "हिशेब करून या," एवढंच म्हणाले. पण परत येताना एसटीत कुणी कुणाशी बोललं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गटाचं दप्तर तर असतंच की. असतं, आणि आमचं चांगलं आहे. उमेदच्या दशसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे हे सगळं नियमित लागतं, आणि आमचं ते चुकत नाही. गटाच्या नोंदी आता लोकोस ॲपवरही चढतात. पण त्या नोंदी बचतीच्या आणि कर्जाच्या. कुणी किती भरले, कुणाकडे किती बाकी, हे त्यातून कळतं. मिरची पावडरच्या पाकिटामागं चार रुपये सुटतात की चार रुपये बुडतात, हे त्यातून कळणार नाही. ते त्याचं कामच नाही. धंद्याचा हिशेब वेगळा, त्याचं बँक खातंही वेगळं असलेलं बरं. आम्ही दोन वर्षं दोन्ही एकत्र कालवलं होतं, म्हणून सांगतो.

पहिला उपाय आम्ही केला तो असा. एकीच्या भाच्यानं तिच्या फोनमध्ये उधारीचं एक फुकट ॲप टाकून दिलं. छान होतं. गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम, की त्याला मेसेज जायचा. आमची उधारी त्यानं खरंच कमी झाली. मग पावसाळ्यात तो फोन पाण्याच्या बादलीत पडला. सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर होतं, ते चालू करायला दहा दिवस गेले. नवीन फोनवर ओटीपी आला तेव्हा निम्म्या नोंदी परत दिसल्या, निम्म्या नाहीत. ॲपची चूक किती आणि आमची किती, ते आजही सांगता येत नाही. चूक आमची मुख्य ही, की अकरा जणींचा हिशेब एकीच्या फोनला बांधलेला होता.

इथं थोडं वेगळं बोलतो. सिन्नर हे विड्यांचं गाव. आज मुसळगावला आणि माळेगावला एमआयडीसी दिसते, पण आमच्या सासवा आणि आया विड्या वळून घर चालवायच्या. हजारावर मजुरी. पानं मोजून मिळायची, विड्या मोजून घेतल्या जायच्या, खराब म्हणून काही बाजूला काढल्या जायच्या. तो आकडा समोरचा माणूस लिहायचा. आमच्यातल्या एका मावशींच्या सासूला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपल्या विड्यांचा आकडा त्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडून ठेवायच्या. रविवारी रेघा आणि कार्ड जुळलं नाही तर भांडायच्या. सॉफ्टवेअर बघायला लागलो तेव्हा मावशी पहिलं हेच म्हणाल्या, "त्यात लिहिलेलं आपल्याला वाचता आलं पाहिजे, आणि आपल्या घरी राहिलं पाहिजे."

तर आम्ही दुकानात जायच्या आधी कागद घेऊन बसलो. कोणतं सॉफ्टवेअर, हा विचारच केला नाही. आपल्याला काय कळून घ्यायचंय, ते लिहिलं. त्यात मिरची पावडरचा हिशेब करून पाहिला. तो तुम्हाला पूर्ण सांगतो, कारण आमचे डोळे तिथं उघडले.

२० किलो सुकी मिरची, २४० रुपये किलोनं, ४,८०० रुपये. देठ काढून, उन्हात वाळवून उरली १७ किलो. कांडप गिरणीचे किलोला ४० प्रमाणे ६८० रुपये. गिरणीत थोडी उडाली, थोडी चिकटली, पावडर आली साडेसोळा किलो. त्यातून २०० ग्रॅमची ८२ पाकिटं झाली. पाकीट आणि लेबल मिळून नगाला ३ रुपये, म्हणजे २४६. दोघी जणी अर्धा दिवस खपल्या, त्यांची मजुरी ३०० धरली. सगळे मिळून ६,०२६ रुपये. भागिले ८२. एक पाकीट पडलं साडेत्र्याहत्तर रुपयांना.

आम्ही ते ७० ला विकत होतो. आणि त्यात रिक्षाभाडं आणि दुकानदाराचं कमिशन धरलेलंच नव्हतं.

तीन वर्षं आमच्या डोक्यात हिशेब होता तो असा, की मिरची २४० रुपये किलो, म्हणजे २०० ग्रॅमची ४८ रुपयांची, वरचे २२ रुपये आपले. देठ कुणी मोजलेच नाहीत. पापडावर बरं सुटत होतं, म्हणून मिरचीचा तोटा झाकला जात होता. आणि स्वतःच्या मजुरीचं म्हणाल तर ती लिहायची असते, हेच आमच्यातल्या निम्म्या जणींना पटत नव्हतं. "घरचंच काम आहे," असं म्हणायच्या. त्यावरून जे भांडण झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

यातून एक गोष्ट कळली. खूपशी फुकट ॲपं खरेदी आणि विक्री मोजतात. दुकानदाराला ते पुरतं, कारण तो साबण आणतो आणि साबण विकतो. आपण मिरची आणतो आणि पावडर विकतो. कच्च्या मालाचा पक्का माल होताना किती घटला, हे लिहायला जागा आहे का, हा आपला पहिला प्रश्न. जागा नसेल तरी चालेल, पण मग तो कागद आपण वेगळा ठेवायचा. आम्ही प्रत्येक घाणीचा एक कागद ठेवतो, खिळ्याला अडकवून.

मग पाहायला निघालो. टॅलीचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. १९८६ पासूनची बंगळुरूची कंपनी, गोयंका बापलेकांनी काढलेली. आपल्याकडे एमआयडीसीमुळे टॅली शिकलेली मुलं-मुली घरोघर आहेत, अडलं तर विचारायला माणूस मिळतो, हा तिचा मोठा फायदा. आम्ही विचारलं तेव्हा एका संगणकासाठी कायमची किंमत २२,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५०. महिन्याच्या भाड्यानंही मिळते, ७५० आणि जीएसटी. दर बदलत असतात, तुम्ही पुन्हा विचारा. शिकायला ती फुकट मिळते, पण त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखा घालता येतात. शिकायला तेवढं पुष्कळ आहे. आमच्या ओळखीतला एक जण म्हणाला, मी तुम्हाला पूर्ण टॅली फुकटात टाकून देतो. चोरीची. आम्ही नको म्हटलं. चोरीची प्रत बंद पडली तर तक्रार कुणाकडे करणार? आणि बँकेला हिशेब दाखवायचाय तो चोरीच्या वहीतून?

झोहो बुक्स नावाचं एक आहे, तेही आपल्याच देशातलं, तमिळनाडूच्या कंपनीचं. वर्षाची उलाढाल २५ लाखांच्या आत असेल तर त्याची फुकट योजना आहे. एक वापरणारी आणि एक हिशेबनीस, एवढ्यांना त्यात जाता येतं. हिशेब इंटरनेटवर राहतो, फोन बादलीत पडला तरी जात नाही. पण रेंज नसेल तर हात बांधले. व्यापार नावाचं फोनवरचं ॲप बिल करायला सोपं आहे, साधा वापर फुकट, संगणकावर घ्यायचं तर पैसे. ग्नूकॅश पूर्ण फुकट, इंटरनेटशिवाय चालतं, आणि त्याचं मराठी भाषांतरही झालेलं आहे. आमच्यातल्या बी.कॉम. झालेल्या सुनेला ते आवडलं. बाकीच्यांना जमा-नावे समजून घेता घेता घाम फुटला. शिवाय जीएसटीचं बिल त्यात सरळ निघत नाही. आणि एक फार कुणी सांगत नाही ते सांगतो. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे आणि उलाढाल दीड कोटीच्या आत आहे, त्यांच्यासाठी जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरच फुकट बिलाची आणि हिशेबाची सॉफ्टवेअर ठेवली आहेत, २०१९ पासून.

जीएसटीचं म्हणाल तर घाबरू नका. आपल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. मात्र माल सुरतला पाठवायचा, म्हणजे राज्याबाहेर, तर ती सूट नाही. पापडावर कर नाही, पण ४० लाख मोजताना पापडाची विक्रीही धरतात. दरही बदलतात. लोणच्यावर १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालाचा दर वेगळा लिहिता आणि बदलता येतो का, ते विकणाऱ्याकडून समोर करून घ्या. "येतं हो ताई" यावर जाऊ नका.

उत्पादक कंपनीतल्या बायकांसाठी आणखी एक. आपल्याच तालुक्यात शेळ्या पाळणाऱ्या बायकांची सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची कंपनी आहे, तशा आणखी होतील. कंपनी कायद्याखाली नोंदणी झाली आणि हिशेब संगणकावर असला, की १ एप्रिल २०२३ पासून असंच सॉफ्टवेअर लागतं ज्यात बदललेल्या नोंदीची खूण राहते. कुणी बदलली, कधी बदलली, सगळं दिसतं, आणि ती सोय बंद करता येत नाही. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात. बचत गटाला ही सक्ती नाही, पण खरं सांगायचं तर आम्हाला ती सोय गटातही हवीशी वाटली. खोडरबरानं किती भांडणं लावलीत, ते आम्हाला माहीत आहे.

शेवटी आम्ही काय घेतलं? आमची वर्षाची उलाढाल सहा लाखांच्या आसपास. दिवसाला सात-आठ नोंदी. २६ हजार म्हणजे आमचे दीड महिन्यांचे नफ्याचे पैसे असतील, तेही मिरचीचा भाव सुधारल्यावर. म्हणून पहिलं वर्ष इंटरनेटवरची फुकट योजना. पण तीन गोष्टी ठरावाच्या वहीत लिहून सह्या घेतल्या. एक, ज्या मोबाईल नंबरवर ओटीपी येतो तो गटाचा, सिमकार्ड अध्यक्ष ताईंच्या नावावर, फोन कार्यालयात. दोन, पासवर्ड दोघींना माहीत, आणि कर सल्लागाराला वेगळा प्रवेश, आमचा पासवर्ड नाही. दुसऱ्या एका गटाचं पाहिलं होतं. त्यांचा सगळा हिशेब सल्लागाराच्या संगणकात, फीवरून वाद झाला आणि दोन वर्षांचे आकडे तिकडंच अडकले. तीन, दर महिन्याच्या बैठकीआधी सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर घ्यायच्या आणि एक कागदी प्रत फाइलला लावायची. फुकट योजना उद्या बंद झाली तरी आपले आकडे आपल्याकडे. असे आकडे बाहेर काढून देत नाही ते सॉफ्टवेअर फुकट असलं तरी आम्ही घेतलं नसतं.

नोंदी दोघी करतात, एक सून आणि एक सातवी शिकलेल्या अक्का. अक्का सावकाश करतात, पण चुका त्यांच्या कमी. दोघींना महिन्याला मानधन देतो, आणि तेही पाकिटाच्या किमतीत धरतो. पाकीट आता ८५ रुपयांना आहे. दोन दुकानदारांनी माल घेणं बंद केलं, बाकीचे घेतात.

सध्या वह्या आणि संगणक दोन्ही चालू आहेत. तीन महिने जुळलं की वह्या थांबवायच्या, असं ठरलंय. पहिल्या महिन्यात १,१६० रुपयांचा फरक आला, धण्याचं एक बिल दोनदा चढलं होतं. दुसऱ्या महिन्यात ४० रुपयांचा आला. तो शोधायला सगळ्या जणी रात्री नऊपर्यंत बसल्या आणि सापडला, रिक्षाभाडं वहीत लिहायचं राहिलं होतं, संगणकात होतं. हा तिसरा महिना चालू आहे. जुळलं की बँकेत परत जाणार आहोत.