छपराखालचे मैदान : नव्या काळाची तालीम

(सोलापूर येथे क्रीडाशिक्षक व पालकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



'बहुउद्देशीय बंदिस्त क्रीडागृह' हे शब्द उच्चारले की, अनेकांच्या डोळ्यांसमोर महानगरातील झगमगाट उभा राहतो. गिरणी, यंत्रमाग आणि विडी यांच्यावर जगलेल्या आपल्या सोलापूरला ही चैन कशाला, असा प्रश्नही मग विचारला जातो. माझे उत्तर असे की, हे क्रीडागृह म्हणजे आपल्या जुन्या तालमीचेच नवे रूप आहे, आणि तिची खरी गरज श्रीमंतांपेक्षा कष्टकऱ्यांच्या मुलांना आहे.

समर्थ रामदासस्वामींनी मारुतीच्या उपासनेला बलोपासनेची जोड दिली. गावोगावच्या मारुती मंदिरांशेजारी तालमी घुमू लागल्या. तालमीत केवळ कुस्ती होत नसे. वस्तादाचा धाक, वेळेचे बंधन, लाल मातीची मशागत, लंगोट बांधल्यावर गळून पडणारा लहान-थोर हा भेद, हे सारे तेथे न शिकवता शिकले जाई. हीच परंपरा पुढे संस्थारूप झाली. 1914 मध्ये अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने जगाला आपले देशी खेळ दाखवले. पुण्यात 1924 मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची मुहूर्तमेढ रोवली. या संस्था शासनाच्या आदेशाने उभ्या राहिल्या नाहीत. समाजाने त्या आपल्या मानल्या, म्हणून त्या टिकल्या.

मग आज मोकळे मैदान पुरेसे का नाही? कारण खेळाची जमीनच बदलली आहे. खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला गेले, ते मातीतील कुस्तीचे संस्कार घेऊन. तेथे मॅट होती. त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. मॅटवरील कुस्तीचा कसून अभ्यास केल्यावर 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. हाच धडा आता कबड्डी आणि खो-खोच्या मुलांसमोर आहे. जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागृहात मॅटवर झाला आणि भारताच्या पुरुष व महिला, अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. आपल्या जिल्ह्यात वेळापूरसारख्या गावांनी हा खेळ मातीत जपला आहे. त्या मातीचे ऋण मान्य करूनही सांगितले पाहिजे की, ज्या मुलाने मॅटवर पाऊल ठेवलेच नाही, तो निवड चाचणीत कौशल्याने नव्हे, तर जमिनीने हरतो.

सोलापूरला आणखी दोन कारणे आहेत. पहिले आपले ऊन. मार्च ते मे या काळात पारा चाळिशीच्या वर चढतो, आणि शाळांना सुट्टी असते तीही नेमकी याच दिवसांत! दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, ते म्हणजे आपल्या मुली. पूर्व भागातील विडी कामगार मातेची मुलगी संध्याकाळी अंधाऱ्या पटांगणावर खेळायला जाऊ शकत नाही. उजेड, कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृह आणि एक महिला प्रशिक्षक एवढे मिळाले, तर तिची आई तिला निःशंक मनाने पाठवील. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिने 2014 च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर टेनिसचे कांस्यपदक मिळवले आणि 2016 मध्ये ती रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. त्यासाठी तिला हैदराबाद गाठावे लागले. प्रत्येक घराला हे कसे परवडणार?

आता वास्तूविषयी थोडे. हँडबॉलचे मैदान 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद असते. भोवती मोकळी जागा सोडून एवढे क्षेत्र छपराखाली आले की, त्याच जमिनीवर एका वेळी बॅडमिंटनची चार कोर्ट, दुसऱ्या वेळी बास्केटबॉल किंवा व्हॉलीबॉल आणि मॅट अंथरली की कबड्डी खेळता येते. छताची उंची बॅडमिंटनसाठी निदान 9 मीटर हवी. वाऱ्याची झुळूक शटल वळवते, म्हणून झरोके उंचावर असावेत. आपल्या हवेत नुसता पत्रा टाकला तर भट्टी होईल. उष्णतारोधक छत आणि गरम हवा बाहेर जाण्याची वाट या गोष्टी नकाशातच ठरल्या पाहिजेत.

'बहुउद्देशीय' या शब्दाचा खरा अर्थ संकटात कळतो. वरळीच्या ज्या बंदिस्त क्रीडागृहात 2014 मध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना रंगला, तेथेच 2020 मध्ये कोरोनाच्या रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या महापुराने आपल्याच जिल्ह्यातील कुटुंबांना घरदार सोडावे लागले. अशा वेळी मोठे, कोरडे, प्रकाशित छप्पर ही समाजाची केवढी ठेव असते!

परंतु याच शब्दाचा दुसरा, घातक अर्थही आहे. आज लग्न, उद्या विक्री-प्रदर्शन, परवा सभा आणि उरलेल्या दिवशी खेळ! मांडवाचे खांब आणि जेवणावळीचे तेल-पाणी यांनी लाकडी जमीन एका हंगामात खराब होते. बांधकामाला पैसा मिळतो; राज्य शासनाने 2022 मध्ये जिल्हा क्रीडा संकुलासाठीची अनुदान मर्यादा 8 कोटींवरून 25 कोटींवर आणि तालुका संकुलासाठीची 1 कोटीवरून 5 कोटींवर नेली. कठीण असते ते उद्घाटनानंतरचे. वीजबिल कोण भरणार? जमीन कोण पुसणार? आणि किल्ली कोणाकडे राहणार? फीत कापणारे पुष्कळ असतात, झाडू घेणारे थोडे.

म्हणून माझे चार आग्रह आहेत. सकाळचा वेळ महानगरपालिकेच्या व अनुदानित शाळांना विनाशुल्क मिळावा. संध्याकाळचे दोन तास मुलींसाठी राखीव असावेत. रात्री नोकरदार व व्यापारी मंडळींनी पूर्ण शुल्क देऊन खेळावे आणि त्यातून देखभाल निधी उभा राहावा. खेळाव्यतिरिक्त वापराला वर्षातील मोजक्या दिवसांची मर्यादा असावी. आपत्ती हाच त्याला अपवाद. आणि हा सारा हिशेब दर तीन महिन्यांनी दाराशी फलकावर लागावा.

बंधू-भगिनींनो, 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे या नगरीचे चार सुपुत्र एकाच दिवशी फासावर गेले. अशा नगरीला संघटित होण्याचे धडे बाहेरून घ्यावे लागत नाहीत. शासनाकडे क्रीडागृह मागूया, ते आपल्या हक्काचे आहे. पण ते मिळेपर्यंत थांबू नका. आपल्या पेठेतील एखादी बंद तालीम, शाळेचे एखादे रिकामे सभागृह निवडा, दिवे लावा, मॅट अंथरा आणि रोज ठरलेल्या वेळी दार उघडा. रोज दार उघडण्याची सवय ज्या समाजाला लागली, त्याच्या हाती मोठ्या क्रीडागृहाची किल्ली निर्धास्तपणे देता येते.