वही उघडी ठेवा

(युवक शिबिरातलं भाषण, लिहून काढलेलं)



मी गोदीत गोण्या उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, ती गोष्ट वेगळी. विषय स्टेम सेलचा म्हटल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, की याला प्रोफेसर आणायला पाहिजे होता. बरोबर आहे. प्रयोगशाळेत काय शिजतं ते प्रोफेसरनं सांगावं. मी त्या शिजण्यासाठी लागलेल्या पैशावर बोलणार. हिशोब मागायला डिग्री लागत नाही. जो ओझं उचलतो त्याला वजन कळतं.

आधी वस्तू काय ते सांगतो. आपल्या अंगात मूळ पेशी असतात, त्यांच्यातून दुसऱ्या पेशी तयार होतात. भ्रूणातल्या मूळ पेशीपासून तर शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते. १९९८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसननं माणसाच्या भ्रूणातल्या अशा पेशी पहिल्यांदा वेगळ्या काढून वाढवल्या. मोडलेला कणा, मधुमेह, कंपवात, सगळ्यांवर इलाज निघेल अशी आशा लागली. पण त्यासाठी भ्रूण मोडावा लागतो. लगेच धर्ममार्तंड उठले. ९ ऑगस्ट २००१ ला प्रेसिडेंट बुशनं जाहीर केलं, की आजपर्यंत तयार झालेल्या पेशींवरच्या कामालाच केंद्राचा पैसा मिळेल, पुढच्याला नाही.

मग कॅलिफोर्निया राज्यानं आपला रस्ता काढला. २ नोव्हेंबर २००४ ला लोकांसमोर प्रस्ताव ७१ ठेवला. राज्यानं रोखे विकून ३०० कोटी डॉलरचं कर्ज काढायचं आणि ते या संशोधनाला द्यायचं. शंभरातल्या ५९ मतदारांनी हो म्हटलं. व्याज धरून हा आकडा ६०० कोटीच्या घरात जातो, फेडायला तीस वर्षं. फेडणार कोण? राज्याची तिजोरी. आणि तिजोरी भरतो कोण? हॉटेलात ताटं धुणारा मेक्सिकन, लाँग बीचच्या गोदीतला हमाल, शाळेची फरशी पुसणारी बाई. यातल्या कुणीही प्रयोगशाळेचं दार आतून बघितलेलं नाही. पण दाराची किंमत ते भरतात.

आता माझी टॅली ऐका. गोदीत माल उतरतो तेव्हा तीन गोष्टी लिहिल्या जातात. किती उचलला, कुणी उचलला, कुठे उतरवला. यातला एक जरी रकाना कोरा राहिला, तर समजायचं की कुठेतरी पाणी मुरतंय. मी स्वतः असा हजेरीपट पाहिलाय, ज्यात कधीच कामावर न आलेली माणसं रोज हजर होती आणि आमचे घाम गाळलेले दिवस गैरहजर होते. म्हणून वही कोण लिहितो आणि कोण वाचतो, हा माझ्यासाठी पोटाचा प्रश्न आहे.

पहिला रकाना, किती उचलला. इथं कॅलिफोर्नियाला मी मार्क देतो. कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या शास्त्रज्ञाला, कुठल्या कामाला किती डॉलर दिले, हे तिथं जाहीर होतं. २००८ साली नुसत्या इमारतींसाठी १२ संस्थांना २७ कोटी १० लाख डॉलर दिले, तेही जाहीर. कुणीही उठून बघावं. एवढंसुद्धा जगात सगळीकडे मिळत नाही.

दुसरा रकाना, कुणी उचलला. इथं गडबड आहे. पैसा वाटायला २९ जणांचं बोर्ड नेमलं. नाव काय, तर स्वतंत्र नागरिक देखरेख समिती. आणि बसले कोण? बऱ्याच जणांच्या खुर्च्या ज्यांना पैसा मिळणार त्याच विद्यापीठांत आणि संस्थांत. वाढपी आणि जेवणारा एकाच पंगतीतला! आपल्याच संस्थेच्या अर्जावर मत द्यायचं नाही, असा नियम होता. पण अर्ज तपासणाऱ्या गटाची बैठक कायद्यानंच बंद दाराआड ठेवली होती. २००७ साली बोर्डावरच्या एका सभासदानं आपल्याच संस्थेच्या नाकारलेल्या अर्जासाठी कचेरीला पत्र लिहिलं. ते पत्र कागदपत्रांतून बाहेर आलं, पेपरात छापलं गेलं, चौकशी झाली, ताकीद मिळाली. कागद बाहेर आला नसता तर? पत्र लिहिणारा शहाणा आणि विचारणारा विज्ञानाचा शत्रू ठरला असता.

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं अहवाल दिला, की या बोर्डाच्या रचनेतच हितसंबंधांचा गुंता आहे. म्हणजे बाहेरचे लोक वर्षानुवर्षं जे ओरडत होते, तेच पंडितांनी सभ्य भाषेत लिहिलं. २०१३ साली बोर्डानं ठरवलं, की पैसा घेऊ शकणाऱ्या संस्थांच्या सभासदांनी ग्रँटवर मतच द्यायचं नाही. नऊ वर्षं लागली, दोस्तहो. पण वही उघडी होती म्हणून लागली तरी.

तिसरा रकाना, माल कुठे उतरवला. लोकांना सांगितलं होतं, इलाज येतील, शिवाय शोधांचं उत्पन्न राज्याला परत मिळेल. २०२० पर्यंत असं परत आलेलं उत्पन्न साडेतीन लाख डॉलरच्या आसपास. ३०० कोटी गेले, साडेतीन लाख आले. तरी ३ नोव्हेंबर २०२० ला प्रस्ताव १४ आला, आणखी ५५० कोटी डॉलरचा, व्याजासकट अंदाजे ७८० कोटी. तो पास झाला, पण शंभरातल्या ५१ मतांवर. आठ मतं गळाली. विज्ञान तोट्यात गेलं असं मी म्हणत नाही. विज्ञानाचा माल एका पाळीत उतरत नाही. पण कुणाच्या गोदामात उतरला, ते विचारणार.

ऐका एक गोष्ट. काही पोरं अशी जन्मतात, की त्यांच्या रक्तात रोगाशी लढायची ताकदच नसते. साधी सर्दी जीव घेते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, यूसीएलएत, डॉ. डोनाल्ड कोन यांनी अशा पोरांच्या स्वतःच्या मूळ पेशी काढून, त्यात बिघडलेल्या जीनची चांगली नक्कल घालून, परत अंगात सोडल्या. पब्लिकचा पैसा त्यात होता. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. अमेरिकेत आणि लंडनमध्ये मिळून ५० पोरं, ५० जिवंत, ४८ जणांवर इलाज लागू पडला. टाळ्या वाजवा, मीसुद्धा वाजवतो.

आता पुढचं. या इलाजाचे हक्क लंडनच्या एका कंपनीकडे गेले होते. रोग दुर्मीळ, गिऱ्हाईक थोडं, नफा कमी. २०२० साली कंपनीनं हात आखडता घेतला. इलाज तयार, पोरं आजारी, आणि मधे नफ्याची भिंत. पुढे हक्क विद्यापीठाकडे परत आले, पण मधल्या काळात ज्या आईबापांनी वाट बघितली त्यांना विचारा. डॉलर किती दिले ते जाहीर होतं. हक्क कुणाला दिले, कुठल्या अटीवर दिले, कंपनी पळाली तर पोरांचं काय, हेसुद्धा त्याच वहीत ठळक अक्षरात पाहिजे. नायतर हिशोब अर्धाच.

पण सावध रहा. हिशोब मागणारा प्रत्येक जण आपला नसतो. मिशिगन राज्यात २००८ साली लोकांनी मत देऊन भ्रूणपेशींच्या संशोधनाला मोकळीक दिली. २०११ साली तिथल्या विधिमंडळानं उच्च शिक्षणाच्या बजेटात अट घातली, की विद्यापीठांनी किती भ्रूण घेतले, किती पेशी बनवल्या, याचा अहवाल द्यावा. मागणी पुढं रेटणारे आमदार गर्भपाताचे विरोधक. त्यांना हिशोब नको होता, मानगूट पाहिजे होती. मग फरक ओळखायचा कसा? सोपं आहे. सगळ्या संशोधनाला तोच प्रश्न विचारतो तो हिशोब मागतो. आपल्याला न आवडणाऱ्या एकालाच विचारतो, तो पोलीसगिरी करतो. आणि मानगुटीच्या भीतीनं वही बंद करणारं विद्यापीठ त्यांच्याच हातात कोलीत देतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, आपल्याला काय त्याचं? ३० मे १९४९ ला घटना समितीत बाबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, की महालेखापरीक्षक हा बहुधा घटनेतला सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी आहे, कारण संसदेनं मंजूर केलेल्या खर्चावर नजर ठेवणारा तोच. हा माणूस अर्थशास्त्राचा पंडित होता. त्याला ठाऊक होतं, की हक्क कागदावर लिहिले जातात आणि बजेटात मारले जातात. आज २००५ चा माहिती अधिकार कायदा हातात आहे. त्याचं चौथं कलम सांगतं, की सरकारी संस्थेनं आपलं बजेट आणि खर्च कुणी मागायच्या आधीच जाहीर करायचा. सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठंही त्यात आली.

तेव्हा लायब्ररीत बसणाऱ्या पोरांनो, प्रयोगशाळेच्या दाराला नमस्कार करून मागे फिरू नका. दगडही मारू नका. आत जा, शिका, जमलं तर तिथंच काम करा. आणि आत असा की बाहेर, तीन रकाने विचारा. किती उचलला, कुणी उचलला, कुठे उतरवला.

उत्तर आलं तर वाचा. नाही आलं तर परत विचारा. ओझं आपल्या पाठीवर असेल, तर वही आपल्यासमोर उघडी पाहिजे.