भिंत एक, घरं दोन

अड्याळवरून बोलतोय. आजचा विषय आहे विटांची भिंत. विषय कोरडा वाटेल, पण शेजाऱ्याचं घरकुल मंजूर झालं असेल तर हा भाग नक्की ऐका.

इंग्लंडच्या जुन्या गिरणी-कारखान्यांच्या शहरांत लाल विटांच्या छोट्या घरांच्या लांबच लांब ओळी दिसतात. तिकडे त्यांना 'टेरेस' म्हणतात. आपली टेरेस म्हणजे गच्ची, त्यांची टेरेस म्हणजे घरांची रांग. दोन घरांत भिंत एकच. हिशेब करा: 10 घरं सुटी बांधली तर बाजूच्या भिंती 20, ओळीत बांधली तर 11. वीट वाचते, जागा वाचते, आणि मधली घरं थंडीत उबदार राहतात.

काटकसर अती झाली की काय होतं, तेही तिथंच दिसतं. बर्मिंगहॅमला 19व्या शतकात पाठीला पाठ लावून घरं बांधली. मधल्या घराच्या तीन बाजू बंद, खिडक्या फक्त समोर. हवा आरपार जाणार कशी? तसा एक वाडा जपून ठेवलाय. 2004 पासून तो लोकांना पाहायला खुला आहे.

पण एक गोष्ट त्यांनी लवकर ओळखली. 1666 मध्ये लंडन जळालं. पुढच्याच वर्षी कायदा आला: घरं विटांची किंवा दगडाची बांधा, आणि सामाईक भिंत दोघांच्या जागेत निम्मी-निम्मी घ्या. आज तिथं 1996 चा कायदा आहे. सामाईक भिंतीला हात लावायचा तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं.

आता आपल्याकडे या. जुन्या मोहल्ल्यात कवेलूची घरं एकमेकांना टेकून उभी असतात. एकानं स्लॅबसाठी घर पाडलं की दुसऱ्याची आतली भिंत एकदम बाहेरची होते. तिला पाऊस सोसायची सवय नसते. दोन्हीकडच्या मयाली त्याच भिंतीत रोवलेल्या असतात. जेसीबीला हे कोण सांगणार?

आपल्याकडेही कायदा आहे, भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882. तेव्हा भंडारा मध्य प्रांतात होता, म्हणून तो इथं पहिल्यापासून लागू झाला. मुंबई इलाख्यात तो नंतर, 1891 मध्ये गेला. त्याचं कलम 15 सांगतं की तुमच्या घराला शेजारच्या बांधकामाचा आधार सलग 20 वर्षं, बिनतक्रार मिळाला असेल, तर तो आधार तुमचा हक्क बनतो.

पण कोर्टात जाण्याआधी ओट्यावर बसा, भाऊ. पाडण्याआधी दोन्ही बाजूंनी भिंतीचे फोटो काढा, मोबाईल हातातच असतो. मिस्त्रीला मयालींची टोकं दाखवा. टेकू आधी लावा, हातोडा नंतर. उघड्या पडलेल्या भिंतीला गिलावा कोण करणार, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. आणि हे सगळं मिरगाच्या आधी.

ओळीतलं घर कागदावर एकाचं असतं, पण उभं राहतं ते दोघांच्या भरवशावर. हा भाग शेजाऱ्यालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!