पु. ल. देशपांडे : रंगमंचावरून सभामंचाकडे



पु. ल. देशपांडे यांचे नाव निघाले की चर्चा बहुधा त्यांच्या पुस्तकांची होते. ‘व्यक्ती आणि वल्ली’ घराघरांत पोचली, हे खरेच. परंतु या लेखकाचे एक दुसरे आयुष्य होते. ते पेटीवादकाचे, संगीतकाराचे, नटाचे, दिग्दर्शकाचे आणि एकपात्री प्रयोग करणाऱ्याचे होते. ते फावल्या वेळेचा छंद मानणे चूक ठरेल. साहित्य अकादमीने १९६५ साली पु. लं.चा गौरव केला आणि दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, संगीत नाटक अकादमीनेही केला. एकाच माणसाच्या दोन्ही कर्तृत्वांना मिळालेली ही रीतसर पावती होय.

१९५३ सालचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका ही सारी जबाबदारी त्यांनी एकट्याने पेलली. गीते ग. दि. माडगूळकरांची होती. त्याच वर्षीच्या ‘देवबाप्पा’तील ‘नाच रे मोरा’ या गीताची चालही पु. लं.चीच. ते गाणे गाणाऱ्या मुलांना संगीतकाराचे नाव बहुधा ठाऊक नसते. लोककलावंताच्या वाट्याला येणारे हे निनावी यश एका नामवंत लेखकाच्याही वाट्याला आले, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

या रियाजाचा परिणाम त्यांच्या गद्यावर झाला. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि १९६१ पासून पु. ल. ती रंगमंचावर एकट्याने सादर करू लागले. आवाजाची पट्टी, मानेची लकब आणि नेमक्या जागी घेतलेला विराम एवढ्या सामग्रीवर गिरगावातील कारकुनी जगाची अख्खी वस्ती प्रेक्षकांपुढे उभी राही. त्यांचे वाक्य वाचतानाही ऐकू येते, याचे कारण ते कानासाठी घडवलेले आहे. समोरचा माणूस कुठे हसतो, कुठे गप्प होतो आणि कुठे अविश्वासाने पाहतो, हे ज्ञान ग्रंथालयात बसून मिळत नाही.

समाजवादी चळवळीशी या कलेचे नाते जुने आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. लं.नी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले. तमाशाचा ढंग घेऊन पुढारीपणाचीच थट्टा करण्याचे धाडस त्यात होते. स्वतःच्या व्यासपीठावर पुढाऱ्याला हसू देणारी चळवळ निरोगी असते, हे त्या कलापथकाने न बोलता सिद्ध केले.

आणीबाणीत या साऱ्याची कसोटी लागली. जून १९७५ पासून वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि विरोधी कार्यकर्ते तुरुंगात गेले. जयप्रकाशांच्या तुरुंगातील रोजनिशीचा मराठी अनुवाद पु. लं.नी ‘स्वगत’ या नावाने केला. १९७७ च्या निवडणुकीत ते जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलले. ज्याला लोक हसण्यासाठी ऐकत आले होते, त्याच्या तोंडून ते आता स्वातंत्र्याची भाषा ऐकत होते आणि तिच्यावर विश्वास ठेवत होते. हा विश्वास एका प्रचारमोहिमेत निर्माण झालेला नव्हता. प्रयोगागणिक वर्षानुवर्षे साठलेली ती पुंजी होती. ती खर्च करताना काही चाहते दुरावण्याचा धोकाही होता. पु. लं.नी तो पत्करला आणि सत्तांतर झाल्यावर कोणतेही राजकीय पद न घेता ते आपल्या कामाकडे परतले.

त्यांच्यावर आक्षेपही घेतला जातो. त्यांचा विनोद पांढरपेशा मध्यमवर्गात रमला आणि गिरणी कामगार वा दलित यांचे दुःख त्यात अभावानेच आले, असे म्हटले जाते. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. तरीही त्याच लेखकाने ब्रेख्तचे नाटक मराठीत आणले. १९७८ मध्ये जब्बार पटेल यांनी रंगमंचावर आणलेला ‘तीन पैशांचा तमाशा’ तो हाच. चोर आणि प्रतिष्ठित यांच्यातील अंतर किती थोडे असते, हे मराठी प्रेक्षकाने त्यात गात-हसत पाहिले.

कलेतून आलेला पैसाही समाजाकडे वळला. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची स्थापना झाली. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले, त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले. देणगीचा गाजावाजा करण्याकडे या दांपत्याचा कल नव्हता.

१२ जून २००० रोजी पु. लं.चे निधन झाले. त्यांच्या या दुसऱ्या आयुष्यातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. पुढारी येईपर्यंत गर्दी थोपवून धरण्यासाठी कलापथक नसते. ज्या चळवळीला गाणे, नाट्य आणि विनोद दुय्यम वाटतात, तिचे वक्ते हळूहळू केवळ आपल्याच माणसांशी बोलू लागतात आणि सभा भरली तरी ऐकणारे कान हरवतात. संकटाच्या दिवशी लोकांचा विश्वास लागतो, परंतु तो त्या दिवशी मिळवता येत नाही. तो आधी मिळवून ठेवावा लागतो, आणि तेही बदल्यात काही न मागता.