समुद्रकिनाऱ्याची सहल : ऋतू कोणता निवडावा?

राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत आणि बदलापूरवरून कल्याणकडे येते व पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. या नदीच्या खोऱ्यात बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही तीन शहरे वसलेली आहेत. त्यांपैकी एकाने तर आपले नावच या नदीवरून घेतले. १९४९ मध्ये निर्वासित सिंधी बांधवांच्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. खोऱ्यातील सारे पाणी अखेर समुद्राकडे जाते. माणसांनाही तिकडे जाण्याची ओढ असते. वर्षातून एकदा मुलाबाळांना घेऊन अलिबाग, काशीद, मुरूड, गुहागर किंवा मालवणला जाऊन यावे, ही या शहरांतील मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांची साधी हौस होय. तिच्यासाठी महिनोन् महिने पैसे बाजूला काढले जातात. परंतु ही सहल कोणत्या ऋतूत करावयाची, याचा विचार मात्र फारसा होत नाही. सुटी मिळाली की निघावयाचे, हाच सर्वसाधारण रिवाज आहे.

सुटीचे कॅलेंडर प्रत्येकाचे निराळे. शिक्षकाला मे महिना मोकळा, दिवाळीचे थोडे दिवस मोकळे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुटी शुक्रवारी, त्यामुळे कामगाराच्या सुटीचा आणि मुलांच्या रविवारचा मेळ बसत नाही. उल्हासनगरच्या कापडाच्या, तयार कपड्यांच्या किंवा फर्निचरच्या व्यापाऱ्याला दसऱ्यापासून लग्नसराईपर्यंत मान वर करण्यास सवड नसते. त्याचा धंदा मंदावतो तो पावसाळ्यात, आणि नेमका तेव्हाच तो गाडी काढतो. माणसाच्या सोयीचा विचार केला तर यात कोणाचीच चूक नाही. अडचण एवढीच आहे की समुद्राचे पंचांग स्वतंत्र आहे आणि ते कोणाच्याही सुटीकडे पाहून बदलत नाही.

प्रथम पावसाळ्याचा विचार करू. नैर्ऋत्य मोसमी वारे मुंबईच्या परिसरात साधारणतः ११ जूनच्या सुमारास येतात आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातात. या चार महिन्यांत वारा समुद्रावरून जमिनीकडे अखंड लोटत असतो, लाटा किनाऱ्यावर आदळून परतताना वाळू खरवडून नेतात आणि काल जेथे गुडघाभर पाणी होते तेथे आज पुरुषभर खड्डा पडलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. गेटवे ते मांडवा ही प्रवासी लाँचसेवा, तसेच मुरूडचा जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग येथे जाणाऱ्या होड्या मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद ठेवल्या जातात. ज्याची हयात समुद्रावर गेली तो कोळी नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी पाण्यात लोटत नाही. अशा वेळी पोहणे न येणाऱ्या शहरवासीयाने कमरेइतक्या पाण्यात उतरावे, यास धाडस म्हणता येत नाही.

पावसाळ्याचे पाणी कसे असते हे बदलापूरकरांना तरी सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. कोंडेश्वरच्या धबधब्याखालील डोहात तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते आणि तरीही गर्दी होते. पावसाळी समुद्र दुरून पाहावा. हरिहरेश्वरच्या खडकांवर फुटणारी लाट किंवा गणपतीपुळ्याच्या मंदिरातून दिसणारा करडा दर्या यांचे सौंदर्य अलौकिक आहे. ज्या व्यापारी कुटुंबाला त्याच महिन्यांत सवड आहे त्याने अवश्य जावे, मात्र स्नानाचा बेत घरीच सोडून जावे.

पाऊस सरला म्हणजे समुद्र लगेच निवळतो, असेही नाही. नद्यांनी आणलेला गाळ ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याजवळ तरंगत असतो, पाणी गढूळ दिसते आणि उकाडाही असतो. शिवाय अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत, एक मोसमी पावसाच्या आधीचा व एक नंतरचा. ऐन दिवाळीत, ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, ‘क्यार’ वादळाने कोकण किनाऱ्याला तडाखा दिला. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ येऊन गेले. उन्हाळ्याच्या बाजूला पाहिले तर मे २०२१ च्या मध्यास ‘तौक्ते’ किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले, आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ थेट अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आले. त्याने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. याचा अर्थ दिवाळीत किंवा मे महिन्यात जाऊच नये असा नव्हे. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा आणि तो प्रतिकूल असल्यास आगाऊ दिलेल्या पैशांचा मोह न धरता बेत पुढे ढकलावा, एवढाच अर्थ.

मे महिन्याबद्दल थोडे अधिक बोलणे भाग आहे, कारण शिक्षकांची आणि शाळकरी मुलांची घरे तेव्हाच बाहेर पडतात. मार्च-एप्रिलमध्ये बदलापूर परिसरात पारा चाळिशी ओलांडतो. किनाऱ्यावर समुद्राच्या सान्निध्यामुळे तो सहसा तेहतीस-चौतिसाच्या आसपास राहतो, तेव्हा समुद्रावर गारवा मिळेल अशी समजूत होते. प्रत्यक्षात हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि उन्हाची तिरीप वाळूवरून परावर्तित होऊन डोळ्यांवर येते. पाणीही जानेवारी-फेब्रुवारीतील सुमारे २६ अंशांवरून मेमध्ये ३० अंशांपर्यंत तापलेले असते. मे महिन्याची जमेची बाजू म्हणजे हापूस, फणस आणि करवंदे. ती मोठी आहे हे मान्य केले पाहिजे! मेमध्येच जाणे असेल तर पहिल्या पंधरवड्यात जावे, सकाळी नऊच्या आत पाण्यातून बाहेर यावे आणि दुपार माडाच्या सावलीत काढावी. महिन्याच्या उत्तरार्धात दर्या फुगू लागतो.

मग उरतो तो काळ कोणता? दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागते. डिसेंबर उत्तम, परंतु नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा वगळावा. त्या दिवसांत वडखळ-अलिबाग रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात आणि निवासाचे दर चढतात. कोकणाकडील गाड्या शिमग्यातही भरलेल्या असतात, कारण चाकरमानी गावी निघतात. या सर्वांचा विचार करता संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे पाच-सहा आठवडे हा उल्हास खोऱ्यातील कुटुंबांसाठी समुद्रावर जाण्याचा सर्वोत्तम काळ ठरतो. शिलाहारांनी शके ९८२ मध्ये पूर्ण केलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराची यात्रा महाशिवरात्रीला भरते. त्या यात्रेच्या आत समुद्र पाहून यावे, अशी खूणगाठ बांधली तर चुकणार नाही.

या काळाची विशेषता वाऱ्यात आहे. दिवसा जमीन तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री उलट होऊन जमिनीवरून मतलई वारे समुद्राकडे वाहतात. भूगोलात ही व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा प्रत्यय किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत येतो. परीक्षेत मात्र ती दोन गुणांपुरतीच. थंडीत मतलई वारा पहाटे चांगलाच जाणवतो. त्याने काठालगतच्या लाटा दबतात आणि सकाळी पाणी आरशासारखे असते. मालवण-तारकर्लीला पाण्याखालची सृष्टी पाहणाऱ्यांना हा काळ आवडतो तो यासाठी. पण हाच वारा रबरी ट्यूबवर बसलेल्या मुलाला न कळत आत ओढून नेतो, हे पालकांनी ध्यानात ठेवले पाहिजे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासवांची पिल्ले वाळूतून निघून समुद्राकडे धावताना पाहावयास मिळतात.

श्रोतेहो, ऋतू योग्य निवडला म्हणजे काम झाले, असे वाटण्याचा संभव आहे. १ फेब्रुवारी २०१६ ही तारीख त्याचे उत्तर देते. हवा निरभ्र, ऋतू उत्तम, आणि तरीही त्या दुपारी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ऋतूबरोबर घटकाही पाहावी लागते.

मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. यावरून जुन्या लोकांनी एक ठोकताळा बसविला आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटीचा तळ. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला ही वेळ थोडी अलीकडे येते आणि पाण्याचा चढउतारही कमी असतो. मुंबईकडे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते व पाणी चार-पाच मीटरपर्यंत वरखाली होते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार बेताचा. पंचांग किंवा तिथी छापलेले कॅलेंडर ज्या घरात आहे त्या घराला हा हिशेब विनामूल्य उपलब्ध आहे. उल्हासनगरातील पाण्याचे दैवत झुलेलाल यांची उपासना करणाऱ्या घरांतही चंद्राच्या तिथीवरच सण येतात.

मुरूडची दुर्घटना घडली तो दिवस कृष्ण अष्टमीच्या सुमाराचा होता. ठोकताळ्याप्रमाणे दुपारी बाराला ओहोटीचा तळ आणि सायंकाळी सहाला भरती. म्हणजे दुपारचे पाणी भरतीकडे चढत होते. मुरूडसारखा किनारा सपाट आणि रुंद आहे. ओहोटीला माणूस चालत फार आत जातो, पाणी पायाशीच आहे असे त्याला वाटते, आणि मधल्या सखल जागा त्याच्या पाठीमागे आधी भरतात. परतताना वाट तीच, पण खोली निराळी. भांगाची भरती म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, हे यावरून दिसते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे उदाहरण याच गणिताचे. ओहोटीला तेथे पायी जाता येते. अष्टमीच्या आसपास मात्र पाणी पुरेसे हटत नाही. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ-नऊच्या सुमारास ते सर्वांत दूर गेलेले असते. त्या वेळी किल्ला पाहावा आणि दहाच्या आत परतावे. बुरूज पाहण्याच्या नादात वेळ गेली तर पुढच्या ओहोटीची वाट पाहत बसावे लागते, किंवा होडी शोधावी लागते.

शाळांच्या सहलींची जबाबदारी मुख्याध्यापकांवर असते, म्हणून त्यांच्यासाठी दोन गोष्टी. शैक्षणिक सहलींना एस.टी. महामंडळ ५० टक्के सवलत देते आणि बहुतेक सहली नोव्हेंबर ते जानेवारीत निघतात, तेव्हा ऋतू आपोआपच अनुकूल असतो. मात्र सहलीची तारीख ठरविताना बसच्या उपलब्धतेबरोबर तिथीही पाहावी, आणि किनाऱ्यावर पोहोचण्याची वेळ ओहोटी-भरतीच्या कोष्टकाप्रमाणे आखावी. मुले गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाहीत, हे पाहण्यासाठी एक शिक्षक समुद्राकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून, पाण्यात उभा राहावा. ओढीत कोणी सापडलाच तर त्याने काठाकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर यावे. हे वाक्य बस निघण्यापूर्वी शाळेच्या पटांगणातच मुलांकडून म्हणवून घ्यावे.

जानेवारी-फेब्रुवारीत मोठी सुटी नसते, ही तक्रार खरी आहे. परंतु शासकीय कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यास एखादी नैमित्तिक रजा जोडली तर दोन मुक्काम होतात. कारखान्यातील कामगाराचा शुक्रवार येथे उपयोगी पडतो, कारण शुक्रवारी काशीद-नागावच्या किनाऱ्यावर रविवारची गर्दी नसते. बदलापूरहून कर्जत, खोपोली आणि पेणमार्गे अलिबाग सुमारे ११० किलोमीटर आहे. दक्षिण कोकणात जाणाऱ्यांनी लोकलने दिवा गाठावे. तेथून सावंतवाडीला गाडी सुटते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे संक्रांतीनंतरच्या शनिवारी निघावयाचे असेल तर नोव्हेंबरच्या मध्यास खिडकीवर उभे राहिले पाहिजे, आणि त्याच वेळी कॅलेंडरवर त्या शनिवारची तिथी पाहून तिची पाऊणपट मांडून ठेवावी.