ट्रॉलीच्या इंडिकेटरचा बल्ब : वॅट किती, उजेड किती
(मार्गासनी, जि. पुणे येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाताचे सोडून आज बल्बवर बोलणार म्हणून हसू नका. सभेपूर्वी बाहेर उभ्या ट्रॉल्यांचे इंडिकेटर मी लावून पाहिले. एकीचा उजवा दिवा उन्हात लागला की नाही, हे हाताची सावली धरून पाहावे लागले. बल्ब काढला, तर त्यावर १२ व्होल्ट, ५ वॅट असे लिहिलेले. मालक म्हणाले, "लागतोय की साहेब, बॅटरीपण कमी खातो."

आपल्या नसरापूर–वेल्हे रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी राजगडला जाणाऱ्यांच्या गाड्या असतात. मार्गासनीहून त्या साखर, गुंजवण्याकडे वळतात. शेताची वाट कोठे फुटते, हे त्यांना ठाऊक नसते. भाताचे भारे भरून आपण उजवीकडे वळतो आणि नेमका तेव्हाच मागचा गाडी पुढे काढायला बघतो. भाऱ्यांमुळे आपला हात त्याला दिसत नाही. दिसला तर मागचा दिवाच दिसेल.

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो त्याचे माप. उजेडाचे माप निराळे, त्याला ल्युमेन म्हणतात. प्रमाणित ५ वॅटचा बल्ब सुमारे ५० ल्युमेन देतो, १० वॅटचा १२५ आणि २१ वॅटचा ४६०. म्हणजे वीज चौपट, पण उजेड नऊपट! बारीक तार फार तापवली तर लवकर तुटते, म्हणून ती कमी तापेल अशीच बनवतात. जाड तार जास्त तापू शकते, आणि तार जितकी तापेल तितका विजेचा अधिक भाग उजेडात जातो. ५ वॅटचा बल्ब नंबर प्लेटसाठी किंवा मागच्या लाल दिव्यासाठी ठीक आहे. तो रात्री दिसण्यापुरता असतो. इंडिकेटर भर उन्हात दिसायला हवा, म्हणून ट्रॅक्टर, जीप, ट्रॉली यांना २१ वॅटचा बल्ब लागतो. मोटारसायकलींना बहुधा १० वॅटचा असतो. त्या लहान प्लॅस्टिकच्या दिव्यात २१ वॅटचा घालू नये, काच वितळते.

बॅटरीचे म्हणाल तर हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागावे. २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअर. तेही वळण्यापुरते आणि इंजिन चालू असताना. एवढ्याने बॅटरी उतरत नाही.

व्होल्टही वाचावेत. मालट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब ट्रॅक्टरला बसतो, पण लालसर, मिणमिणता जळतो. नारिंगी काचेत पांढरा बल्ब घालावा. दिव्याची काच पांढरी असेल तर मात्र नारिंगी बल्बच हवा. तो सुमारे २८० ल्युमेन देतो, कारण रंग उजेड अडवतो. त्याच्या खुंट्या मुद्दाम वेगळ्या कोनात असतात. त्या घासून बल्ब बसवण्याचा उद्योग करू नये.

आता आपल्या भागातले खरे दुखणे. चिखलणी आणि पावसाळा झाला की ट्रॉलीचा होल्डर गंजतो. पुष्कळ ट्रॉल्यांना अर्थची वेगळी तारच नसते. हुकाच्या लोखंडातून, ग्रीस आणि मातीतून वीज परत जाते. अशा वेळी बल्बला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. नवा बल्ब घालूनही दिवा मंदच राहतो आणि आपण दुकानदाराला दोष देतो. पारख अशी : इंडिकेटर चालू ठेवून एका तारेचे टोक होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. उजेड वाढला तर दोष अर्थमध्ये आहे. होल्डर पॉलिश कागदाने घासावा व ट्रॉलीसाठी अर्थची स्वतंत्र तार ओढून घ्यावी.

दिव्याची उघडझापही मोजावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे इंडिकेटर नारिंगी हवा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लागायला हवा, म्हणजे दहा सेकंदांत १० ते २० वेळा. जुन्या, तार तापणाऱ्या फ्लॅशरवर कमी वॅटचे बल्ब लावले तर उघडझाप मंदावते किंवा दिवा नुसताच पेटून राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्ब गेला तर उलट घाई करतो. ट्रॉली जोडली की दोनाऐवजी तीन बल्ब होतात, म्हणून तेवढा भार झेपणारा फ्लॅशर मागून घ्यावा.

एलईडीत ही वॅटची तुलना लागू पडत नाही. दोन-तीन वॅटमध्येही भरपूर उजेड मिळू शकतो, पण कमी विजेमुळे फ्लॅशर गोंधळतो. शिवाय जुन्या दिव्यात एलईडी बल्बचा उजेड नीट पसरेलच असे नाही. घ्यायचाच तर ट्रॉलीसाठी बनवलेला पूर्ण दिवा घ्यावा, आणि त्याला जुळणारा फ्लॅशरही.

घरी गेल्यावर उद्या दुपारी ट्रॉली उन्हात उभी करा. मुलाला इंडिकेटर लावायला सांगा, आपण मागे शंभर पावले चालत जा आणि वळून पाहा. काचेवरची माती मात्र आधी पुसून घ्या.