माणशी हिशेब

कंधारचा माणूस बेटांबद्दल बोलणार म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. आमच्याकडे पाणी ते किती! किल्ल्याभोवतीचा खंदक, जगत्तुंग सागर आणि मन्याड नदी. पण पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून पाणी गेलं, की पलीकडच्या तांड्याचं बेटच होतं. सकाळचं दूध डेअरीपर्यंत पोचत नाही, दुपारी नासून जातं. म्हणून घारापुरीची गोष्ट मला लांबची वाटत नाही.

रायगड जिल्ह्यातलं हे बेट मुंबईच्या गेटवेपासून बोटीने तासाभरावर. लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही तीन गावं, वस्ती हजार-बाराशे. समोर रात्रभर मुंबईचे दिवे, आणि इथे संध्याकाळी तीन-साडेतीन तास डिझेलचा जनरेटर! अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली. खर्च सुमारे २५ कोटी.

माझी सारी नोकरी कर्जाच्या टेबलावर गेली. त्या सवयीने मी भागाकार केला : माणशी दोन लाखांहून जास्त. हा भागाकार प्रमाण मानला, तर कुठल्याच बेटाला वीज मिळायची नाही आणि चाळीस घरांच्या तांड्याला उंच पूलही नाही. मला विचारावंसं वाटतं ते वेगळंच : गावात आलेला पैसा गावात किती थांबतो? घारापुरीला पर्यटक पूर्वीही येत. पण वीज नसताना थंड पाणी विकायचं तर बर्फ बोटीतून आणा, मासळी टिकवायची तरी तोच बर्फ. नफा त्या भाड्यातच विरघळायचा. फ्रिज चालू लागला, की त्यातले चार पैसे घरात राहतात.

तरी विजेने सगळं भागलं असं नाही. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला, की बोटी थांबतात. पर्यटकांना मुक्कामाची मुभा नाही, त्यामुळे रात्रीच्या जेवणाचा आणि खोलीचा पैसा मुंबईलाच जातो. लेण्यांच्या जपणुकीसाठी थोडी बंधनं हवीतच. मग दुपारचं जेवण तरी गावातल्या चुलीवरचं, बेटावरच्या बायकांच्या हातचं का नसावं?

आणि आमच्या तांड्याचं काय? पूल मागावाच. पण तो होईपर्यंत दूध थंड ठेवणारा एक बल्क कूलर पलीकडे बसला, तर पूर ओसरेपर्यंतचं दूध वाचेल. फक्त पहिल्या पावसात तिथली वीज टिकते का, हे कूलर घेण्याआधी तांड्यावर जाऊन विचारा.